क्लासची नावं: १९७४ च्या पदव्या आज कुठे कुठे सापडतात

फासेबाज

"विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक. तिघंही जादूच करतात, मग तीन क्लास कशाला?" डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका वठवण्याच्या खेळात टेबलवर नवा खेळाडू आला की हा प्रश्न ठरलेला; क्लास म्हणजे पात्राचा पेशा. खेळ चालवणाऱ्या डीएमचं (डंजन मास्टरचं) उत्तरही ठरलेलं: विझर्डची जादू पुस्तकातली, सॉर्सररची रक्तातली, वॉरलॉकची कुणाशी तरी केलेल्या करारातली. उत्तर बरोबर आहे, पण ते मागाहून बसवलेलं आहे. सुरुवातीला हे तिन्ही शब्द एकाच माणसाच्या बढतीचे टप्पे होते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डी अँड डी टीएसआर या कंपनीने १९७४ मध्ये काढला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूझर (जादूगार) आणि क्लेरिक (पाद्री). पहिली दोन नावं तर सरकारी फॉर्मवर शोभतील इतकी रुक्ष. सगळा रंग लेव्हलच्या (अनुभवाने चढायच्या पायऱ्यांच्या) पदव्यांत होता. मॅजिक-यूझर पहिल्या लेव्हलला मीडियम, मग सीअर, कॉन्ज्युरर, थिअर्जिस्ट, थॉमॅटर्जिस्ट, मॅजिशियन, एन्चँटर, आठव्या लेव्हलला वॉरलॉक, नवव्या लेव्हलला सॉर्सरर, दहाव्या लेव्हलला नेक्रोमॅन्सर आणि अकराव्या लेव्हलला विझर्ड. फायटिंग-मॅनची शिडी अशी: व्हेटरन, वॉरियर, स्वोर्ड्समन, हिरो, स्वॉशबकलर, मर्मिडन, चॅम्पियन, सुपरहिरो, लॉर्ड.

आता हीच नावं अलीकडच्या पुस्तकांत शोधा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत विझर्ड आणि सॉर्सरर वेगळे क्लास झाले. वॉरलॉक २००४ मध्ये एका पुरवणीतून क्लास म्हणून आला आणि २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मुख्य पुस्तकात बसला. कॉन्ज्युरर, एन्चँटर आणि नेक्रोमॅन्सर १९८९ पासून एकेका जादूशाखेचे तज्ज्ञ झाले. चॅम्पियन २०१४ मध्ये फायटरचा (फायटिंग-मॅनचं नंतरचं नाव) सबक्लास, म्हणजे पोटशाखा झाला, स्वॉशबकलर पुढे रोग (Rogue, भामटा) या क्लासचा. व्हेटरन पाचव्या (२०१४ च्या) आवृत्तीत एनपीसींच्या (डीएम चालवतो त्या पात्रांच्या) यादीत आहे आणि क्लेरिकची पहिली पदवी, अ‍ॅकोलाइट, बॅकग्राउंडच्या (पात्राच्या पूर्वायुष्याच्या) यादीत.

सगळ्यात गमतीचा प्रवास रोगचा. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी या आवृत्तीच्या पुस्तकात ही थीफ (चोर) या क्लासची पहिल्या लेव्हलची पदवी, म्हणजे शिकाऊ उमेदवार. १९८९ मध्ये थीफ आणि बार्ड (गवई) ज्या गटात पडतात त्या गटाचं नाव. २००० मध्ये थेट क्लास. आणि २०१४ मध्ये थीफ हाच रोगचा एक सबक्लास. उमेदवाराने मालकाला नोकरीवर ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच की या खेळात नावं मरत नाहीत, जागा बदलतात. आणि जागा बदलली की नियमांकडून असलेली अपेक्षाही बदलते. ती अपेक्षा जिथे पुरी होत नाही तिथे वाद सुरू होतात. अशी उदाहरणं येऊ द्यात. होमब्रू (स्वतः घरी रचलेले) क्लास करणाऱ्यांनी जरूर लिहा.

तळघर

चांगला धागा. फायटिंग-मॅनच्या शिडीत हिरो बरोबर चौथ्या आणि सुपरहिरो बरोबर आठव्या पायरीवर का, हे सांगायचं राहिलं. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये चेनमेल हे लघुसैनिकांच्या युद्धखेळाचे नियम लिहिले होते. त्यात हिरो चार माणसांच्या बरोबरीने लढतो, सुपरहिरो आठांच्या. डी अँड डीने हे दोन खुंटे जसेच्या तसे घेतले आणि मधल्या रिकाम्या पायऱ्यांना नावं दिली. लेव्हल म्हणजे मुळात "हा एकटा किती जणांना भारी" याचा आकडा.

शिडीच्या टोकालाही अर्थ होता. लॉर्ड नववी, विझर्ड अकरावी, क्लेरिकचा पॅट्रिआर्क आठवी. तिथून पुढे पदवी बदलत नाही, "दहाव्या लेव्हलचा लॉर्ड" असंच म्हणायचं. म्हणून जुने खेळाडू त्या टप्प्याला नेम लेव्हल म्हणतात. गढी बांधायची, माणसं पदरी ठेवायची, हा सगळा कारभार त्याच सुमाराला सुरू होतो.

आडवाटे

पदव्या छापल्या होत्या हे खरं, पण खेळताना "मी थॉमॅटर्जिस्ट पुढे होतो" असं कोण म्हणणार? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने पदव्या काढून टाकल्या तेव्हा कुणाचं काही अडलं नाही. शोभेचा ऐवज होता.

तळघर

फायटर आणि मॅजिक-यूझरबद्दल मान्य. ड्रुइड (निसर्गपूजक पुजारी) आणि मंक (नुसत्या हातांनी लढणारा भिक्षू) यांच्याबद्दल अजिबात नाही. १९७८ च्या पुस्तकात बाराव्या लेव्हलचे ड्रुइड जगात फक्त नऊ, तेराव्याचे आर्चड्रुइड तीन आणि चौदाव्याचा ग्रेट ड्रुइड एक. एक्सपी (अनुभवाचे गुण) पुरेसे झाले तरी जागा रिकामी नसेल तर असलेल्याला द्वंद्वात हरवायचं, हरलात तर लेव्हल खाली. मंकचं आठव्या लेव्हलपासून तसंच: मास्टर ऑफ ड्रॅगन्स, मग चार दिशांच्या वाऱ्यांचे मास्टर, मग चार ऋतूंचे, आणि सतराव्या लेव्हलला ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स. मास्टर ऑफ ड्रॅगन्स तीन, त्यावरच्या प्रत्येक पदावर एकच माणूस. इथे पदवी हाच नियम आहे.

डीएमसाठी त्यातला त्रासही सांगतो. एका कॅरेक्टरच्या बढतीसाठी अख्ख्या पार्टीला थांबावं लागतं, कारण द्वंद्व एकट्याचं. ते सत्राच्या सुरुवातीला उरकून घ्यावं, भर गुहेत काढू नये.

मेणबत्ती

क्लेरिकवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

हा क्लास धर्मातून आलेला नाही, एका व्हँपायरमुळे आला आहे. आर्नसनच्या मिनेसोटातल्या ब्लॅकमूर खेळात एका खेळाडूचा सर फँग नावाचा व्हँपायर कुणालाच आवरेना. त्याला तोड म्हणून जुन्या व्हँपायरपटांतल्या शिकाऱ्याच्या धर्तीवर एक पाद्री उभा केला गेला. म्हणून पहिल्या दिवसापासून त्याचं खास हत्यार "टर्न अनडेड" (मेलेल्या पण चालत्याफिरत्या भुतांना पळवून लावणं) आहे. १९७४ च्या नियमात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही स्पेल (मंत्र) नाही, पहिला स्पेल दुसऱ्या लेव्हलला. टर्न मात्र लगेच: २डी६ (दोन सहापैलू फासे) टाका, सांगाड्यांवर ७ किंवा जास्त, झाँबींवर ९, घूलवर ११. सांगाड्यांवर यशाची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे साधारण ५८ टक्के. पहिल्या लेव्हलला इतकी हमखास गोष्ट दुसऱ्या कुठल्या क्लासकडे शोधून दाखवा.

क्लेरिकला धारदार शस्त्र का नाही, याचं उत्तर लोक "रक्त सांडायचं नाही" असं देतात आणि फ्रान्समधल्या बायोच्या मध्ययुगीन भरतकामातल्या बिशप ओडोच्या हातातला सोटा दाखवतात. मध्ययुगातले पाद्री खरंच असा नेम पाळत होते याला आधार नाही. खेळात मात्र बंदीचं काम चोख आहे: खजिन्यातल्या जादुई तलवारी फायटरकडेच जातात. ही बंदी काढणाऱ्या डीएमने एवढं बघावं की चिलखत, स्पेल आणि जादुई तलवार तिन्ही एकाकडे गेल्यावर फायटरकडे उरतं काय.

वीसपैकीएक

नाव नियमांना कसं वाकवतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण थीफ.

मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या एअरो हॉबीज दुकानातल्या मंडळींची, गॅरी स्विट्झर यांच्याकडची. ती ऐकून गायगॅक्सने १९७४ मध्येच आपल्या पद्धतीने नियम लिहून एका वार्तापत्रात छापले, आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ अधिकृत झाला. तोपर्यंत गुहेत लपणं, कान देऊन ऐकणं, भिंत चढणं, सापळा शोधणं हे सगळेच करत होते: खेळाडू वर्णन करायचा, डीएम ठरवायचा. एका क्लासच्या तक्त्यात टक्के छापून आले आणि लोकांनी उलटा अर्थ काढला की ज्याच्याकडे टक्के नाहीत त्याला ते करताच येत नाही.

त्यात टक्के किती? १९८१ च्या बेसिक पुस्तकातला पहिल्या लेव्हलचा थीफ बघा: कुलूप उघडणं १५, सापळा शोधणं किंवा काढणं १०, खिसा कापणं २०, आवाज न करता चालणं २०, सावलीत लपणं १०, उभी भिंत चढणं ८७. एचपी (किती मार सोसता येतो तो आकडा) डी४ चे, म्हणजे सरासरी अडीच. दहा टक्क्यांच्या भरवशावर पेटीला हात लावायचा आणि विषारी सुई निघाली की सेव्ह (बचावाचा फासा) चुकताच मरायचं. चोर म्हणून घेतलेलं कॅरेक्टर चोरी सोडून सगळ्यात बरं भिंत चढतं.

यावर चालणारा उपाय असा:

१. आधी सगळ्यांना वर्णनावर करू द्या. "पेटीच्या कडेने सुरी फिरवतो", "काठीने फरशी दाबत जातो" हे सांगितलं आणि सापळा तिथे असेल तर तो सापडतो, फासा नाही.

२. वर्णन कमी पडलं किंवा चुकलं तर थीफला टक्क्यांची एक जादा संधी, सेव्हसारखी.

३. कौशल्याचं पूर्ण नाव वाचा. "उभी गुळगुळीत भिंत" आणि "सावलीत लपणं" असं आहे. झाडावर चढणं, पिंपामागे लपणं कुणालाही जमतं. आडोसा नसताना नुसत्या सावलीत नाहीसं होणं हे थीफचं.

एक भरपाई मूळ नियमातच आहे, ती काढू नका. दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला १२०० एक्सपी, क्लेरिकला १५००, फायटरला २०००, मॅजिक-यूझरला २५००. तिसरी लेव्हल थीफला २४०० वरच मिळते, म्हणजे मॅजिक-यूझर दुसऱ्या लेव्हलला पोचतो तेव्हा थीफ तिसऱ्यावर असतो. सोय म्हणून सगळ्यांना एकच तक्ता लावणारे डीएम थीफचा हा एकमेव फायदा नकळत काढून घेतात.

आडवाटे

त्याच १९८१ च्या पुस्तकात एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग हेही क्लासच आहेत, वेगळा वंश निवडायचा नाही. एल्फला दुसऱ्या लेव्हलसाठी ४००० एक्सपी, कारण तो तलवार आणि स्पेल दोन्ही चालवतो. फायटर अधिक मॅजिक-यूझर म्हणजे ४५००, थोडी सूट दिली आहे. हिशोब म्हणून एकदम स्वच्छ.

हाफलिंग हे नावही नाइलाजाचं. पहिल्या छपाईत हॉबिट होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याच्या हक्कधारकांकडून हरकत आल्यावर हॉबिटचा हाफलिंग आणि एंटचा ट्रीअंट झाला.

काळी_मांजर

फासेबाज, तुम्ही अपेक्षेचं म्हणालात. माझी तीन नावं: पॅलडिन, बार्ड, रेंजर. तिघांच्या तीन तऱ्हा.

पॅलडिनचं नाव शार्लमेनच्या दरबारातल्या वीरांचं. १९७५ मध्ये फायटिंग-मॅनचा पोटक्लास म्हणून आला तेव्हा करिश्मा १७ हवा अशी अट. ३डी६ वर १७ किंवा १८ पडायची शक्यता २१६ पैकी ४, म्हणजे ५४ त एक. नाव दुर्मीळ, फासाही तसाच. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडने ४डी६ टाकून सगळ्यात लहान फासा सोडायची आणि आकडे हवे तिथे लावायची मुभा दिली. मग सहा आकड्यांत एक तरी १७ यायची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास गेली. तीन खेळाडूंमागे एक पॅलडिन निघू शकेल, तर दुर्मीळ कसला? वर्तनाचे कडक नियम आणि त्यावरून टेबलवर होणारी भांडणं ही ती ढासळलेली दुर्मिळता सावरायची धडपड आहे असं मला वाटतं. तिसऱ्या आवृत्तीने आकड्यांची अट काढली, पाचवीने अलाइनमेंटचीही (पात्राच्या नैतिक कलाची). भांडणं कमी झाली, हे चांगलंच झालं.

बार्ड १९७६ मध्ये टीएसआरच्या स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू या नियतकालिकात आला, डग श्वेगमन यांचा. १९७८ च्या पुस्तकात त्याला परिशिष्टात टाकलं आणि अट अशी: आधी फायटर म्हणून पाचवी ते सातवी लेव्हल, मग थीफ म्हणून पाचवी ते आठवी, मग ड्रुइडांकडे शिक्षण आणि तिथून बार्ड. ताकद, शहाणपण, चपळाई आणि करिश्मा चारही १५ किंवा जास्त. नाव गवयाचं आणि गाण्यापर्यंत पोचायला दहा लेव्हल.

रेंजर मात्र अजून सुटलेला नाही. १९७५ मध्ये जो फिशर यांनी तो उघडउघड टोल्किनच्या अ‍ॅरागॉर्नवरून बेतला. पहिल्याच लेव्हलला दोन हिट डाइस (एचपी ठरवणारे फासे), राक्षसी टोळ्यांविरुद्ध लेव्हलइतकं जादा डॅमेज, आणि वरच्या लेव्हलला स्फटिकगोल वापरायची मुभा. शेवटची गोष्ट अ‍ॅरागॉर्न डोक्यात नसेल तर कळणारच नाही. १९८९ मध्ये त्याला दोन हातांत दोन शस्त्रं मिळाली आणि ठरावीक शत्रूही. मग जनावर आलं, मग ठरावीक प्रदेश. अ‍ॅरागॉर्न मागे पडला आणि "रेंजर म्हणजे नक्की काय करणारा" याचं एक उत्तर कुठल्याच दोन आवृत्त्यांत नाही.

२०१४ च्या रेंजरमध्ये नेमकं बिघडलं ते असं. फेव्हर्ड एनेमीने (ठरावीक शत्रू) माग काढणं आणि माहिती आठवणं सोपं होतं, डॅमेज वाढत नाही. खेळाडूने "ड्रॅगन" निवडलं आणि मोहिमेत ड्रॅगन आलाच नाही तर ते कलम कोरं राहतं. नॅचरल एक्सप्लोररमध्ये (ठरावीक प्रदेश) निवडलेल्या प्रदेशात पार्टी वाट चुकतच नाही. जंगलातली भटकंती ज्याला खेळायची आहे त्याच्याच वैशिष्ट्यामुळे ती एका वाक्यात संपते. २०२० मध्ये दोन्हींना पर्याय दिले आणि २०२४ मध्ये फेव्हर्ड एनेमी म्हणजे हंटर्स मार्क स्पेल कायम तयार, काही वेळा फुकट. आकडे सुधारले. नावाचा प्रश्न तसाच.

२०१४ चाच रेंजर चालवायचा असेल तर पहिल्या सत्राआधी डीएमने मोहिमेतले दोन मुख्य शत्रूप्रकार आणि दोन प्रदेश खेळाडूला सरळ सांगून टाकावेत. रहस्य फुटत नाही, क्लास जिवंत होतो.

मेणबत्ती

+१. आणि वॉरलॉर्ड विसरू नका. २००८ चा. हाका मारून साथीदाराचे एचपी परत आणतो म्हणून "ओरडून जखम भरते का" हा वाद वर्षानुवर्षं चालला. पाचव्या आवृत्तीत तो क्लास नाही, त्याचे तुकडे बॅटल मास्टर या फायटरच्या सबक्लासमध्ये सापडतात. एचपी म्हणजे फक्त रक्तमांस असं मानलं की हा वाद होणारच.

उंबरठा

जपानी गेम्समध्ये क्लासला "जॉब" म्हणतात ते कुठून आलं? तिथे माणूस क्लास बदलतोही.

वीसपैकीएक

बदलण्याचं मूळ विझर्ड्री या १९८१ च्या अमेरिकन संगणक खेळात. त्यात फायटर, मेज, प्रीस्ट, थीफ हे चार साधे आणि बिशप, सामुराई, लॉर्ड, निंजा हे चार वरचे क्लास. निंजासाठी सहाही आकडे १७ आणि वृत्ती दुष्ट. जपानमध्ये हा खेळ प्रचंड गाजला. १९८८ च्या ड्रॅगन क्वेस्ट ३ मध्ये विसाव्या लेव्हलला देवळात जाऊन पेशा बदलता येतो: लेव्हल पुन्हा १, आकडे निम्मे, शिकलेले स्पेल कायम. सेज व्हायला एक खास पुस्तक लागतं, पण निरुपयोगी विदूषक विसाव्या लेव्हलपर्यंत रेटला तर तो पुस्तकाशिवाय सेज होतो. क्लासरचनेतला इतका चांगला विनोद दुसरा नाही. जॉब हा शब्द रुळवला तो फायनल फँटसी ३ ने, १९९० मध्ये. पेशा म्हटलं की बदलणं ओघानेच आलं.

उंबरठा

धन्यवाद. मराठीतून टेबल चालवायचं आहे, बारावीच्या मुलांसाठी. नावं काय ठेवावीत? विझर्डला मांत्रिक, क्लेरिकला पुजारी, बार्डला शाहीर असं योजलंय.

काळी_मांजर

मांत्रिक म्हटल्यावर मुलं लिंबू, अंगारा आणि भूत उतरवणं अपेक्षित धरतील. ते काम नियमात क्लेरिकचं आहे. म्हणजे मांत्रिक हे नाव क्लेरिकलाच जास्त बसेल. पुजारी चिलखत घालून पहिल्या रांगेत उभा राहील असं कुणाला सुचणार नाही. शाहीर छान: पहिल्या लेव्हलला साथीदाराला डी६ ची प्रेरणा द्यायची, हे पोवाड्याचंच काम. फक्त तो पूर्ण स्पेलकास्टरही आहे हे आधी सांगा. लढवय्या बिनघोर ठेवा. पॅलडिन, ड्रुइड तसेच राहू देत, मुलांना खटकत नाहीत.

सोपी चाचणी: नियम न सांगता नुसतं नाव सांगा आणि "हा पहिल्या फेरीत काय करेल" असं विचारा. उत्तर क्लासच्या पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या वैशिष्ट्याशी जुळलं नाही तर एक तर नाव बदला, नाही तर वैशिष्ट्य.

वीसपैकीएक

नवा क्लासच रचणार असाल तर पाचव्या आवृत्तीसाठी (२०१४ चे नियम) चौकट अशी.

हिट डाय: बार्बेरियन डी१२, फायटर, पॅलडिन, रेंजर डी१०, विझर्ड आणि सॉर्सरर डी६, बाकी सगळे डी८. सेव्ह दोन: एक चपळाई, काटकपणा, शहाणपण यांतला आणि एक ताकद, बुद्धी, करिश्मा यांतला. छापील बाराही क्लास हे पाळतात. नवखे लोक पहिल्या गटातले दोन्ही देऊन टाकतात आणि मग त्या कॅरेक्टरवर काहीच चालत नाही.

पाचव्या लेव्हलला उडी हवी. तुलनेसाठी आकडे: ताकद १८ चा फायटर मोठ्या तलवारीने दोन वार करतो, प्रत्येकी २डी६+४, सरासरी ११, एकूण २२. समोरच्याच्या चिलखताचा आकडा १५ असेल तर ६५ टक्के वार लागतात, म्हणजे फेरीला १४.३. रोगचा एकच वार: रेपिअर डी८+४ आणि स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा जादा मार) ३डी६, सरासरी १९, तेवढ्याच टक्क्यांनी १२.३५. अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) असेल तर ८७.७५ टक्के, म्हणजे १६.७ च्या घरात. क्रिटिकल (२० पडल्यावरचा जादा मार) धरलेला नाही. तुमचा मारामारीचा क्लास या १२ ते १७ च्या पट्ट्यात बसू द्या.

आणि सगळा माल पहिल्या लेव्हलला ओतू नका. हेक्सब्लेड या वॉरलॉकच्या सबक्लासने हेच केलं: एका लेव्हलमध्ये करिश्मावर शस्त्र चालवायला मिळतं, म्हणून पॅलडिन एक लेव्हल तिकडून घेऊन यायला लागले. २०२४ च्या नियमांत सगळ्यांचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सरकवले आहेत. होमब्रूमध्येही तेच करा.

उंबरठा

आणि हे मराठी नियम पीडीएफ करून वाटले तर चालेल का?

तळघर

एसआरडी ५.१ (प्रकाशकाने खुला केलेला मूळ नियमांचा संच) वरून केलेत तर हो. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन ४.० खाली आहे. भाषांतर, बदल, विक्री सगळं चालतं, फक्त त्यात दिलेला श्रेयाचा मजकूर जोडा आणि बदल केलेत हे लिहा. त्यात बाराही क्लास आहेत, पण प्रत्येकाचा सबक्लास एकच: फायटरचा चॅम्पियन, रोगचा थीफ, क्लेरिकचा लाइफ डोमेन, वॉरलॉकचा फीन्ड वगैरे. बॅटल मास्टर आणि हेक्सब्लेड त्यात नाहीत, ते पीडीएफमध्ये घेऊ नका.